बिबट्या, कुत्री आणि नव्वदचा आकडा

मुंबईच्या आरे वसाहतीतल्या पाड्यावरून कुत्रं नाहीसं झालं, की संशय आधी बिबट्यावर जातो. या रोजच्या गोष्टीचा हिशेब 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या अलेक्झांडर ब्राच्कोव्स्की आणि सहकाऱ्यांनी मांडला. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून असलेला आरेसारखा परिसर मिळून सुमारे 35 बिबटे. त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा साधारण 40 टक्के धरला, तर वर्षाला दीड हजाराच्या आसपास भटकी कुत्री फस्त होतात. कुत्री कमी, म्हणून चावे कमी, म्हणून रेबीजही कमी. शेवटी उत्तर आलं: वर्षाला हजारभर चावे आणि फार तर नव्वद मृत्यू टळत असावेत. पुढे चर्चेत नव्वद तेवढे उरले. ‘फार तर’ गळून पडलं.

माझं घोडं अडतं ते मात्र दुसरीकडे. हा गुणाकार झाला, साथीचं गणिती प्रारूप नव्हे. प्रारूपात आधी कुत्र्याकडून कुत्र्याकडे विषाणू कसा जातो ते येतं. केटी हॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी टांझानियात पिसाळलेल्या कुत्र्यांचा माग काढला, त्याला इतर देशांतल्या जुन्या साथींची आकडेवारी जोडली आणि 2009 मध्ये निष्कर्ष छापला: एक पिसाळलेलं कुत्रं सरासरी दोनपेक्षाही कमी कुत्र्यांना रोग देतं, आणि कुत्र्यांची वस्ती दाट असो की विरळ, त्यात फारसा फरक पडत नाही. म्हणूनच नुसती कुत्री मारून रेबीज हटत नाही. 70 टक्के कुत्र्यांना लस टोचली, तर हटतो.

आता बिबट्या काही लस टोचलेलं कुत्रं ओळखून सोडत नाही. त्यानं उचललेल्या कुत्र्याची जागा उकिरड्यावर वाढलेलं नवं पिल्लू घेतं, आणि ते बिनलशीचं असतं. म्हणजे चावे घटतानाच लसीची टक्केवारीही घसरू शकते. हे दोन्ही परिणाम एकाच समीकरणात घातल्याशिवाय नव्वदवर विसंबू नये.

शिवाय खर्चाची बाजू आहेच. 2021 मध्ये आरेत बिबट्यानं माणसांवर लागोपाठ हल्ले केले. 2022 च्या दिवाळीत एका चिमुकल्या मुलीचा जीव गेला. बिबटे वस्तीशी येतात त्यात कुत्र्यांचा मोठा वाटा, आणि कुत्री पोसली जातात कचऱ्यावर. आरेचं प्रारूप मला करायला दिलं, तर पहिली राशी मी बिबट्यांची घेणारच नाही. कचरा किती दिवसांनी उचलला जातो, ती घेईन. कारण ती बदलली की कुत्री, चावे आणि बिबट्याच्या फेऱ्या, तिन्ही आकडे हलतात.