ओळी-ओळींमधील अंतर : धानाची वाणे, माणसांची मापे आणि एक गुणाकार

नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांची ओळख आपल्या धानपट्ट्यात कोणाला करून द्यावी लागत नाही. १९८३ च्या सुमारास 'पटेल ३' या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुढच्या हंगामात स्वतंत्र पेरल्या, आणि अनेक वर्षांच्या निवडीतून जे बारीक तांदळाचे वाण सिद्ध झाले त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे 'एचएमटी' हे नाव मिळाले. अत्यल्प शालेय शिक्षण घेतलेल्या या शेतकऱ्याने पुढे आणखीही वाणे निवडली. त्यांतील 'डीआरके' हे तर त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ओळखले जाते. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

'ही लोंबी निराळी आहे' हा निर्णय खोब्रागडे यांच्या नजरेने दिला. परंतु निराळी म्हणजे किती निराळी? अमुक वाण तमुक वाणाच्या जवळचे की दूरचे? हा प्रश्न विचारताक्षणी आपण गणिताच्या अंगणात येतो. प्रस्तुत लेख त्याच प्रश्नाच्या एका छोट्या, पण फार उपयोगी भागाविषयी आहे : कोष्टकातील प्रत्येक ओळीचे इतर प्रत्येक ओळीपासूनचे अंतर संगणकाने कसे काढावे, आणि तेही एकेक जोडी न मोजता. संगणक शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना तो उपयोगी पडेल. पालकांनी मधले बीजगणित वगळून वाचला तरी चालेल, पुढे आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा विषय त्यातूनच निघणार आहे.

प्रत्येक वाणासाठी एक आडवी ओळ आणि प्रत्येक गुणासाठी एक उभा स्तंभ, असे कोष्टक कल्पनेत आणावे. स्तंभांत रोपाची उंची, पक्व होण्याचे दिवस, दाण्याची लांबी असे आकडे असतील. अशा आयताकृती कोष्टकाला गणितात मॅट्रिक्स म्हणतात. दोन ओळींमधील अंतर काढण्याची रीत पायथागोरसच्या सिद्धांताचीच आहे : प्रत्येक स्तंभातील फरक घ्यावा, त्याचा वर्ग करावा, सर्व वर्गांची बेरीज करावी आणि शेवटी वर्गमूळ काढावे. शाळेत दोन बिंदूंसाठी जे केले तेच येथे. फक्त स्तंभ दोनाऐवजी दहा किंवा पन्नास असू शकतात.

अडचण जोड्यांच्या संख्येची आहे. ४ वाणांच्या जोड्या ६ होतात, २० वाणांच्या १९०, १०० वाणांच्या ४,९५० आणि १,००० वाणांच्या ४,९९,५००. नवशिका विद्यार्थी पायथॉन भाषेत एकात एक असे फेरे लिहितो : पहिली ओळ घे, तिच्यासमोर प्रत्येक ओळ धर, प्रत्येक स्तंभातील फरक काढ. या फेऱ्यांना लूप म्हणतात. उत्तर बरोबर येते, पण ओळी वाढल्या की ताटकळत बसावे लागते. कारण पायथॉनसारखी भाषा फेऱ्याच्या प्रत्येक पावलावर थांबून विचारते की ही वस्तू कोणत्या प्रकारची, हिच्यावर कोणती क्रिया करायची, उत्तर कोठे ठेवायचे. रोवणीच्या वेळी बांधीवर उभे राहून बायांच्या हाती एकेक पऱ्हे द्यावे आणि प्रत्येक पऱ्ह्यामागे नव्याने सूचना करावी, तसा हा प्रकार. पेंडीच हाती दिली तर हात आपोआप चालतात.

ही पेंडी म्हणजे शाळेतले जुने सूत्र. दोन संख्यांच्या फरकाचा वर्ग म्हणजे पहिलीचा वर्ग, अधिक दुसरीचा वर्ग, वजा दोघींच्या गुणाकाराची दुप्पट. प्रत्येक स्तंभासाठी हे सूत्र लिहून बेरीज केली की दोन ओळींमधील अंतराचा वर्ग तीन तुकड्यांत मिळतो : पहिल्या ओळीतील सर्व आकड्यांच्या वर्गांची बेरीज, दुसऱ्या ओळीतील वर्गांची बेरीज, आणि दोन्ही ओळींतील समोरासमोरच्या आकड्यांच्या गुणाकारांची बेरीज दुप्पट करून वजा. पहिले दोन तुकडे प्रत्येक ओळीचे स्वतःचे आहेत. ते एकदाच काढले की पुरे. जोडीचा असा तुकडा एकच, तिसरा. आणि कोष्टकाला त्याच्याच आडव्याचे उभे केलेल्या रूपाने गुणले की सर्व जोड्यांचे तिसरे तुकडे एकाच गुणाकारात बाहेर पडतात. मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे दुसरे काही नसून ओळींच्या अशा बेरजांचे कोष्टकच होय.

समजण्यापुरते चार काल्पनिक वाणांचे, तीन गुणांवर एकाच मापपट्टीवर आणलेले आकडे घेऊ. क : १, २, २. ख : २, ३, ६. ग : १, ४, ८. घ : २, २, १. प्रत्येकाच्या वर्गांची बेरीज अनुक्रमे ९, ४९, ८१ आणि ९. आता क आणि ख यांच्या समोरासमोरच्या गुणाकारांची बेरीज २ + ६ + १२, म्हणजे २०. म्हणून अंतराचा वर्ग ९ + ४९ − ४० = १८. सरळ रीतीने पडताळा पाहा : फरक १, १ आणि ४, वर्गांची बेरीज १८. याच रीतीने क-ग ४०, क-घ २, ख-ग ६, ख-घ २६ आणि ग-घ ५४ येतात. क आणि घ एकमेकांचे सोबती, ख आणि ग एकमेकांचे, हे कोणी न सांगता दिसून आले. गुणाकाराच्या कोष्टकात आणखी एक मौज आहे. त्याच्या कर्णावर प्रत्येक ओळीचा स्वतःशीच झालेला गुणाकार असतो, म्हणजे ९, ४९, ८१, ९. त्यामुळे पहिले दोन तुकडेही वेगळे शोधावे लागत नाहीत. कर्ण उचलावा, एकदा आडवा पसरावा, एकदा उभा, बेरीज करावी आणि दुप्पट गुणाकार वजा करावा. नमपाय या पायथॉनच्या ग्रंथालयात हे सारे दोन-तीन ओळींत लिहिता येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. लूप नाहीसा झालेला नाही. संगणकाला गुणाकार-बेरजा कराव्याच लागतात. फक्त तो फेरा आता आपल्या हातून सुटून आधीच यंत्रभाषेत उतरवलेल्या, अत्यंत घासूनपुसून तयार केलेल्या कार्यक्रमाकडे जातो. तो एकाच आज्ञेत अनेक आकडे हाताळतो आणि प्रक्रियकाच्या जवळच्या स्मृतीत आलेला आकडा पुरता वापरल्याखेरीज सोडत नाही. वेग येतो तो यातून.

लूप टाळण्याचा दुसराही एक मार्ग नमपाय देते. कोष्टकाच्या दोन प्रती अशा पसरवायच्या की सर्व जोड्यांचे सर्व फरक एकदमच निघतात. वाचायला तो अधिक सुबोध आहे. पण १,००० ओळी आणि ५० स्तंभ असतील तर ५ कोटी फरक एकाच वेळी स्मृतीत ठेवावे लागतात. एका आकड्याला ८ बाइट धरले तर ४० कोटी बाइट, म्हणजे सुमारे ४०० एमबी. गुणाकाराच्या मार्गाने जे कोष्टक बनते त्यात १० लाखच आकडे, म्हणजे ८ एमबी. शाळांमधील जुन्या संगणकांवर हा फरक म्हणजे काम होणे आणि पडदा गोठणे यांतील फरक आहे.

गुणाकाराच्या मार्गावर मात्र एक खड्डा आहे आणि पुस्तके त्याच्यावरून घाईने पुढे जातात. संगणक साधारणतः १५-१६ सार्थ अंकच धरून ठेवतो. एकाच स्तंभाच्या दोन ओळी घ्या : एकीत १० कोटी, दुसरीत १० कोटी १. अंतर उघडच १ आहे. पण दुसऱ्या संख्येच्या वर्गाला १७ अंक लागतात, शेवटचा १ मावत नाही, गळून पडतो. आणि सूत्राचे उत्तर येते ०! दोन प्रचंड, जवळजवळ सारख्या संख्या वजा केल्या की खरा फरक असा हरवतो. कधी तर अतिशय लहान ऋण संख्या येते आणि तिचे वर्गमूळ काढताना कार्यक्रम अडखळतो. उपाय सोपा आहे. गुणाकारापूर्वी प्रत्येक स्तंभाची सरासरी त्या स्तंभातून वजा करावी. सर्व ओळी सारख्याच सरकल्यामुळे आपसांतील अंतरे बदलत नाहीत, आकडे मात्र आटोक्यात येतात. त्यानंतरही ऋण संख्या राहिलीच तर तिच्या जागी शून्य ठेवावे.

अंतर कोणत्या मापाने मोजावे, हा याहून खोल प्रश्न आहे. उंची सेंटिमीटरमध्ये लिहिली तर तिचे फरक दहा-वीस येतात. दाण्याची लांबी मिलिमीटरमध्ये, तिचे फरक एक-दोन. तसेच सोडले तर उंचीच सारा निकाल ठरवील. शिवाय दोन गुण बरोबरीने वाढत असतील तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. या दोन्ही दोषांवर भारतातच उत्तर सापडले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ मध्ये अंतराची जी व्यापक व्याख्या प्रसिद्ध केली, ती आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सी. आर. राव यांनी तिचा विस्तार केला. गुणांचे आधी असे रूपांतर करायचे की ते परस्परांपासून मोकळे होतात आणि सर्वांची मापपट्टी एक होते. मग आपले साधे अंतर काढायचे. आपल्या कृषी विद्यापीठांत धानाच्या वाणांची विविधता तपासताना 'डी-वर्ग' म्हणून जे विश्लेषण करतात ते हेच, आणि वाणांचे गट पाडण्याची तेथील प्रचलित रीत राव यांच्या १९५२ च्या ग्रंथातून आलेली आहे.

पण महालनोबिस यांच्यासमोरच्या ओळी धानाच्या नव्हत्या. त्या माणसांच्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने जातिजमातींची नाके आणि डोकी मोजवून घेतली, आणि जातीची उतरंड म्हणजे वंशाची उतरंड असा निष्कर्ष काढला. नाकाची रुंदी वाढत जाते तशी सामाजिक पायरी उतरत जाते, असे त्याचे म्हणणे. एका स्तंभावरून सर्व समाजाचा निवाडा ! महालनोबिस यांनी १९३३ मध्ये 'संख्या' या नियतकालिकात रिस्लेच्या बंगालमधील आकड्यांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. पुढे १९४१ च्या संयुक्त प्रांतातील पाहणीत वीसहून अधिक जातिजमातींची तुलना, नऊ-दहा गुण एकत्र धरून, जोडी-जोडीने झाली. तिचा वृत्तांत १९४९ मध्ये मजुमदार, महालनोबिस आणि राव यांच्या नावे आला. वीस गट धरले तरी १९० अंतरे, आणि तीही हाताने फिरवायच्या गणनयंत्रांवर. महाराष्ट्रातील मापांचे असेच काम इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी १९५१ मध्ये ग्रंथरूपाने दिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रकारच्या कोष्टकांचे काय केले, हे आपल्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावे. अस्पृश्यांचा वंशच निराळा होता, म्हणून ते अस्पृश्य ठरले, हा सिद्धांत त्या काळी विद्वत्तेच्या वेषात वावरत होता. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण दिले. गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या ग्रंथात नासिकामापांची प्रांतवार मांडणी केली होती. तीच त्यांनी पुढ्यात घेतली. संयुक्त प्रांतातील ब्राह्मण हा आपल्याच प्रांतातील बहुतेक जातींपेक्षा पंजाबातील चुहडा या अस्पृश्य जातीला मापाने अधिक जवळचा आहे, हे घुर्ये यांचेच निरीक्षण होते. बाबासाहेबांनी युक्तिवाद सशर्त ठेवला : मानवमिती हे भरवशाचे शास्त्र असेल, तर तिची मापे वंशभेदाच्या सिद्धांताला पाठिंबा देत नाहीत, ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. प्रतिपक्षाच्या हातातील फूटपट्टी घेऊन तिनेच त्याचा दावा मोजून दाखवला, आणि फूटपट्टी खरी की खोटी हा प्रश्न 'असेल तर' या शब्दांत मोकळा ठेवला. उतरंड पाहणारा फक्त वरची आणि खालची ओळ पाहतो. सर्व जोड्या पाहिल्या की उतरंडीचा आकारच उरत नाही, असे माझे वाचन आहे.

धानाकडे परत येऊ. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार वाणाची नोंदणी व्हायची तर ते ज्ञात असलेल्या अन्य प्रत्येक वाणाहून किमान एका महत्त्वाच्या गुणात स्पष्टपणे वेगळे असावे लागते. म्हणजे येथेही सर्व जोड्या तपासणे आले. मात्र कायदा बेरीज मागत नाही. एकच स्तंभ ठळकपणे निराळा असला तरी त्याला पुरते. दहा गुणांत थोडेथोडे दूर असलेले वाण आणि एकाच गुणात खूप दूर असलेले वाण, दोघांचे एकूण अंतर सारखे येऊ शकते, पण नोंदणीच्या टेबलावर त्यांची गत सारखी होत नाही. खोब्रागडे यांनी हेरलेल्या लोंब्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. बांधीत उभ्या असलेल्या हजारो रोपांतून त्या नजरेत भरल्या त्या रंगाने आणि दाण्याने.

ज्या विद्यार्थ्यांना हे करून पाहायचे असेल त्यांनी येत्या खरिपात आपापल्या गावच्या धानाची १२ वाणे निवडावीत. प्रत्येकाची पाच-पाच रोपे मोजून उंची, लोंबीची लांबी, दाण्याची लांबी आणि पक्व होण्याचे दिवस यांची सरासरी लिहावी, म्हणजे १२ ओळी आणि ४ स्तंभांचे कोष्टक होईल. स्तंभांची सरासरी वजा करून, प्रत्येक स्तंभाला त्याच्या प्रमाण विचलनाने भागून, मग गुणाकार करावा. ६६ अंतरे येतील. त्यांतील कोणतीही दोन कागदावर हाताने काढून पडताळावीत, आणि सर्वांत जवळची जोडी कोणती आली ते घरी आईवडिलांना विचारावे. त्यांचे मत वेगळे पडले तर कोणता स्तंभ मोजायचा राहिला याचा शोध घ्यावा. बहुधा तो भाताच्या चवीचा किंवा वासाचा असेल.