किडमिडीत बाळांचा तीस वर्षांचा माग

कोपरगावात कुणाला 'शुगर निघाली' की पहिला दोष चहाला. तालुक्यात संजीवनी आणि कोळपेवाडी असे दोन सहकारी साखर कारखाने, त्यामुळे साखरेच्या नावानं बोटं मोडायला आम्हाला लांब जावं लागत नाही. पण रानात राबणारा, पोट खपाटीला गेलेला माणूस मधुमेही कसा निघतो, याचं उत्तर चहाच्या कपात सापडत नाही. ते शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हयात घातली.

ऑक्सफर्डमधलं संशोधन आटोपून ते 1980च्या दशकात पुण्यात परतले. पुस्तकातला मधुमेही लठ्ठ आणि उतारवयाचा. यांच्यापुढे येणारे बरेचसे तरणे आणि अंगानं बेताचे. तिकडे इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर हे संशोधक सांगत होते, की कमी वजनाच्या बाळांना मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकार लवकर गाठतो. याज्ञिकांनी केईएममध्येच जन्मलेली मुलं चौथ्या वर्षी तपासली. जन्मवजन कमी असलेल्यांच्या रक्तात ग्लुकोज पाजल्यावर साखर आणि इन्शुलिन दोन्ही जास्त. हे 1995 साली छापून आलं.

खरी कमाई मात्र गावांतली. 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांत लग्न झालेल्या बायकांची नोंद ठेवली गेली. दिवस गेले की खाणं, रक्त, कष्ट, सगळं मोजायचं. बाळ जन्मलं की टेपपट्टी आणि कातडीची जाडी मोजायचा चिमटा. दंडाचा घेर, पोटाचा घेर, मग पाठीवर खांद्याच्या हाडाखाली चिमटा. अशी 631 बाळं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिथलं सरासरी वजन 3.5 किलो, इथलं 2.7. इथवर नवल काहीच नाही. पण दंड आणि पोट फार मागे पडलेले, म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव कमी. पाठीवरची चरबी मात्र बरीचशी राखलेली. हे मांडणाऱ्या 2003च्या निबंधानं 'थिन-फॅट', म्हणजे दिसायला बारीक पण चरबी राखून असलेलं, भारतीय बाळ जगापुढे आणलं. जेवणानंतर रक्तातली साखर उचलून ठेवणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ते जन्मतःच लहान असलं तर पुढे काय होणार, हे वेगळं सांगायला नको.

या बाळांच्या आयांचं सरासरी वजन होतं 42 किलोच्या आत. आघारकर संस्थेच्या शोभा राव आणि सहकाऱ्यांनी याच अभ्यासातून दाखवलं, की पालेभाज्या, दूध, फळं जास्त खाणाऱ्यांची बाळं अंगानं बरी, आणि शेतात-पाण्यावर जास्त राबणाऱ्यांची लहान. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वांत टोचणारा निष्कर्ष, आणि नेमकी त्याचीच चर्चा कमी झाली.

गाजलं ते 2004 सालचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातलं छायाचित्र. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. एक मॅरेथॉन धावणारा, दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठणं, अशी कोपरखळीही खाली छापलेली. स्वतःलाच नमुना म्हणून उभं करणारे डॉक्टर आपल्याकडे थोडेच.

2008मध्ये बी-12 हे जीवनसत्त्व पुढे आलं. गावातल्या निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत ते कमी होतं. ज्यांच्यात बी-12 कमी आणि फोलेट हे त्याच गटातलं जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्शुलिन नीट चालेना. रेण्वीय जीवशास्त्रज्ञ आनंदवर्धन हर्डीकर यांच्यासोबत 2015 साली प्रसिद्ध झालेलं काम उंदरांवरचं: पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढे दोन पिढ्या पोटभर खायला घातलं, तरी बिघाड गेला नाही. म्हणजे भरल्या ताटानं जुनी उपासमार लगेच फिटत नाही.

म्हणून 2012पासून त्याच सहा गावांतल्या, वयात आलेल्या मुलामुलींना बी-12च्या गोळ्या देऊन त्यांच्या पुढच्या पिढीकडे पाहणं सुरू झालं. उपचार बाळंतपणाच्या कितीतरी आधी गेला.

बी-12 दूध, अंडी, मटण-मासळीतून मिळतं. आमच्या तालुक्यात दुधाला तोटा नाही. पहाटे किटल्या भरून डेअरीला जातं. घालायला जाण्याआधी घरातल्या पोरीचा आणि सुनेचा पेला तेवढा बाजूला काढा.