एकाच उंदराची दोन चित्रे

उंदराचे वजन २५ ते ३० ग्रॅम, मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही हलका. माणसांसाठीच्या पेट स्कॅनरला चार-पाच मिलिमीटरहून बारीक काही टिपता येत नाही. त्यात हा अख्खा मेंदू दोन-तीन ठिपक्यांत संपतो. म्हणून १९९० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सायमन चेरी आणि सहकाऱ्यांनी दोन मिलिमीटर रुंदीचे स्फटिक वापरून ‘मायक्रोपेट’ घडवला. पण नुसत्या बारकाईने काम भागत नाही. पेट स्कॅन किरणोत्सारी ग्लुकोज कुठे जास्त ओढले गेले ते सांगतो, तिथे कोणता अवयव आहे ते सांगत नाही. भूल दिलेला उंदीर गारठला की खांद्यांच्या मधली तपकिरी चरबी उष्णतेसाठी ग्लुकोज जाळू लागते आणि चित्रात ट्यूमरसारखी झळकते. तिथे चरबीच आहे, गाठ नाही, हे एमआरआय किंवा सीटी दाखवून देते. दोन तंत्रे जोडण्याचे खरे मोल, माझ्या मते, एकाच्या साक्षीची दुसऱ्याकडून अशी उलटतपासणी होण्यात आहे.

ती जोडणी सोपी नव्हती. पेटमधल्या स्फटिकांचा प्रकाश मोजणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळ्यांतले इलेक्ट्रॉन एमआरआयच्या चुंबकाजवळ वाट सोडतात आणि नळी निकामी होते. १९९७ मध्ये चेरींच्या गटाने स्फटिक चुंबकात ठेवले आणि त्यांचा प्रकाश लांब ऑप्टिकल फायबरमधून बाहेरच्या नळ्यांपर्यंत आणला. वाटेत बराच प्रकाश वाया जाई. पुढे जर्मनीत ट्यूबिंगेनला बर्न्ड पिचलर यांच्या गटाने नळ्यांऐवजी चुंबकाला न जुमानणारे अर्धवाहक शोधक वापरले आणि २००८ मध्ये ७ टेस्लाच्या चुंबकात उंदरांची दोन्ही चित्रे एकाच वेळी घेऊन दाखवली.

दोन स्कॅन वेगवेगळे काढून संगणकावर जुळवले तर काय बिघडते, असा आक्षेप येतो. कवटीत घट्ट बसलेल्या मेंदूपुरता तो रास्त आहे, आणि प्रत्येक प्रयोगशाळेने महागडे जोडयंत्र घ्यावे असेही नाही. पोटाची गोष्ट वेगळी. उंदीर हलवेपर्यंत मूत्राशय भरते, आतडी सरकतात. पक्षाघाताच्या प्रयोगात तर रक्तप्रवाह मिनिटामिनिटाला बदलतो; गेलेली वेळ संगणक परत आणू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि आयसोफ्लुरेनची भूल रक्तप्रवाह व मेंदूचा ग्लुकोजवापर दोन्ही बदलते. वारंवार सीटी केल्यास किरणांची मात्रा गाठीवरच परिणाम करू शकते. हे सगळे मान्य करूनही एक लाभ उरतो. पूर्वी आजाराच्या प्रत्येक टप्प्यावर काही उंदीर मारून ऊतींची तपासणी करावी लागे. आता तोच उंदीर आठवड्यामागून आठवडे पाहता येतो आणि त्याची तुलना त्याच्याच आधीच्या स्थितीशी होते. प्रयोगांतील प्राण्यांची संख्या घटवावी, हा रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये धरलेला आग्रह इथे प्रत्यक्षात येतो. मात्र कमी उंदरांवर भिस्त ठेवायची तर प्रत्येकाची निगा सारखीच हवी. लॉस एंजेलिसच्या त्याच विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की उपाशी आणि उबदार ठेवलेल्या उंदरांत तपकिरी चरबी शांत राहते व गाठ ठळक उठते. म्हणून उंदराला किती वेळ उपाशी ठेवले, कितपत उबेत ठेवले, कोणती भूल दिली, हे शोधनिबंधात नोंदवलेच पाहिजे. नाहीतर त्यातले आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेला पडताळता येणार नाहीत.