सस्पेन्स खात्यातलं दुखणं

बँकेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. दिवसाअखेर ताळा जुळलाच पाहिजे. एखाद्या नोंदीचा उगम सापडला नाही, तर ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकायची. पण नंतर शोधायचीच. नोंद आहे म्हणजे कुठंतरी व्यवहार झालेला आहे. हा नियम मी खातेदारांच्या पैशाला पाळला. घरातल्या माणसाच्या दुखण्याला मात्र पाळला नाही.

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. मी तेव्हा शाखाधिकारी होतो. १० तारखेला शटर वर केलं, तर रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेलेली. त्या शनिवार-रविवारीही बँका उघड्याच होत्या. आधी माणशी चार हजार बदलून मिळत, मग साडेचार, मग दोन. नियम बदलला की रांगेतला सगळा राग काउंटरवर. तिसऱ्या आठवड्यात माझी मान उजवीकडे वळेना. डिसेंबरात तर दाढी करतानाही डोळ्यांत पाणी यायचं.

एक्स-रे झाला, एमआरआय झाला, रक्त तपासलं. ‘वयोमानाप्रमाणे थोडी झीज आहे, बाकी काही नाही. टेन्शन घेऊ नका,’ असं म्हणून डॉक्टरांनी कागद परत दिले. रिक्षात मी तणतणत होतो, ‘काही नाही म्हणजे? मी काय सोंग करतोय?’ सौ. बाहेर बघत शांतपणे म्हणाली, ‘दोन वर्षांपूर्वी माझ्या कमरेबद्दल तुम्ही हेच म्हणाला होतात.’

ते खरंच होतं. तिचेही रिपोर्ट नॉर्मल आले होते, आणि मी ‘चला, सुटलो’ म्हणून फाइल कपाटात ठेवली होती.

पुढं एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. माझ्या लेकीच्या वयाची. ती म्हणाली, ‘काका, खांदे कानापर्यंत उचला, आणि आता सोडा.’ सोडले, तेव्हा कळलं की ते दिवसभर अर्धे वर उचललेलेच असतात. ताण आला की शरीर झुंजायला किंवा पळायला सज्ज होतं. स्नायू आवळतात, जबडा घट्ट होतो, श्वास छातीतच अडकतो. वाघ समोर असेल तर हे ठीक. पण वाघ रोज दहा ते पाच काउंटरपलीकडे उभा असेल, तर स्नायू सैल कधी व्हायचे? ते दुखतात, दुखण्यानं झोप मोडते, झोप मोडली की दुखणं अधिक बोचतं, आणि त्याची काळजी स्नायूंना आणखी आवळते. हे चक्र कुठल्या एक्स-रेत दिसणार?

लहान मूल पडलं की आई आधी गुडघा चोळते. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं. चोळण्याच्या स्पर्शानं ते थोडं मिटतं, आणि मेंदूकडून येणाऱ्या संदेशांवरही त्याची उघडझाप अवलंबून असते. पुढच्या संशोधनानं तपशील बदलले, पण मुख्य गोष्ट टिकली: वेदना खरी असते, आणि भीती, झोप, आधार यांनी ती कमी-जास्त होते. मनाचा हात आहे म्हणजे दुखणं खोटं, असं मुळीच नाही.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी शवासनाचा रक्तदाबावर होणारा परिणाम अभ्यासून १९६९ साली सहकाऱ्यांसह निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत जॉन कॅबट-झिन यांनी १९७९पासून जुनाट दुखण्याच्या रुग्णांना श्वासाकडे लक्ष देणं, अंगभर मन फिरवणं आणि सौम्य योगासनं शिकवली. दुखणं पुसून टाकण्यापेक्षा त्याच्यासह नीट जगता यावं, हा त्यामागचा हेतू.

हल्ली गल्लोगल्ली ‘होलिस्टिक’च्या पाट्या दिसतात, तेलं, खडे, लोहचुंबक सगळं मिळतं. मला त्या मुलीनं फुकटातलं सांगितलं. तासातून एकदा उठायचं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. संध्याकाळी अर्धा तास चालायचं, झोपेची वेळ पाळायची, मान शेकायची. आणि एका वहीत दुखण्याची नोंद ठेवायची: केव्हा, किती, त्याआधी काय घडलं.

वही ठेवणं माझ्या हातचा मळ. पंधरवड्यात दिसलं, मान सर्वांत जास्त दुखते ती रविवारी संध्याकाळी, घरात आरामखुर्चीत बसलेलो असताना! उद्याचा सोमवार मानेला आधीच कळत होता.

मग मी सौ.लाही वही दिली. तिनं चार दिवस लिहिलं. ‘रात्री दीड, आईंना कूस बदलून दिली. साडेतीन, आईंना बेडपॅन. पाच, कंबर.’ माझी आई खुब्याचं हाड मोडून २०१४पासून अंथरुणावर होती. ‘सकाळी ऑफिस आहे’ म्हणून मी शेजारच्या खोलीत झोपत होतो. कमरेच्या त्या नोंदीमागचा व्यवहार भिंतीपलीकडे रोज चालू होता.

त्या आठवड्यापासून एक रात्र तिची, एक माझी. दुपारी चार तासांची बाई ठेवली. दोन महिन्यांनी तिची कंबर बरीच हलकी झाली. पूर्ण थांबली नाही, आजही वाकताना ती ‘आई गं’ म्हणतेच. पण सलग झोपलेल्या रात्रीनं जे केलं, ते मलमाच्या ट्यूबांनी केलं नव्हतं.

एक मात्र बजावतो. तपासणी आधी. छातीत दुखणं, हातापायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा, ताप, विनाकारण घटणारं वजन, लघवीवरचा ताबा जाणं, यांना ‘टेन्शन’ म्हणून घरी बसू नये. चालू औषधंही मनानं बंद करू नयेत.

आता आई नाही. मी निवृत्त आहे. संध्याकाळी आम्ही दोघं सतरंजी घालून शवासनात पडतो. ही पाचव्या मिनिटाला घोरू लागते. मी उठवत नाही. तिच्या जुन्या रात्रींची थकबाकी माझ्याकडे आहे.

तुमच्याही घरात कुणाची अशी नॉर्मल रिपोर्टांची फाइल असेल. आज रविवार आहे. चहा झाला की त्यांच्याजवळ बसा आणि एवढंच विचारा, ‘केव्हा दुखतं गं?’