पित्ताचा खडा पुन्हा पुन्हा का होतो?

कपाशीची वेचणी तोंडावर आलेली असते आणि घरातले कर्ते माणूस थंडी वाजून तापाने फणफणते. उजव्या बरगडीखाली दुखते, डोळे पिवळे दिसतात. चार दिवस औषध घेतले की बरे वाटते. दोन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. कोणी म्हणतो हिवताप, कोणी काविळीची माळ गळ्यात घालतो. दुखणे, थंडीताप आणि कावीळ ही तिन्ही लक्षणे एकत्र येऊन वारंवार परतत असतील, तर यकृतातल्या पित्तनळ्यांत खडे तर नाहीत ना, ही शंका घ्यावी.

मुतखडा वेगळा, हा वेगळा

मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात खडा म्हटले की मुतखडाच आठवतो आणि चुलीवर कुळथाचा काढा चढतो. पित्तखड्याचा मूत्रपिंडाशी संबंध नाही. यकृतात दिवसरात्र पित्त तयार होते. ते बारीक नळ्यांतून मोठ्या नळीत आणि तिथून आतड्यात उतरते. वाटेत बाजूला पित्ताशयाची पिशवी असते. बहुतेकांचे खडे या पिशवीत होतात; पिशवी काढली की त्रास सहसा संपतो. ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी केली. पण खडा यकृताच्या आतच धरत असेल, तर नुसती पिशवी काढून भागत नाही.

पाटात गाळ बसतो तसे

शेतातला पाट एखाद्या ठिकाणी अरुंद झाला की पाणी तुंबते आणि तिथे गाळ बसतो. गाळ उपसला, पण पाट तसाच ठेवला, तर पुढच्या पाळीला पुन्हा गाळ. पित्तनळीचेही असेच आहे. तुंबलेल्या पित्तात आतड्यातले जंतू शिरतात. त्यांच्यामुळे पित्तातील रंगद्रव्य साकळून तपकिरी, ठिसूळ खडे बनतात. खड्याने नळी सुजते, सुजेने व्रण पडून ती आणखी अरुंद होते, आणि पुन्हा खडा धरतो. यकृताच्या डाव्या भागात हे अधिक दिसते.

हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९३० साली या आजाराचे वर्णन केले आणि १९५४ साली त्याची सविस्तर मांडणी केली. पूर्व आशियात तो पुष्कळ आढळतो. भारतात काश्मीर आणि ईशान्येकडे त्याचे रुग्ण दिसतात. काश्मीरमध्ये पित्तनळीत शिरणाऱ्या जंतांशीही त्याचा संबंध आढळला आहे. आपल्याकडे तो कमी आहे, म्हणूनच तो लवकर ध्यानात येत नाही.

शस्त्रक्रिया कशी करतात?

ताप चढलेला असताना आधी जंतुनाशक औषधे शिरेतून देतात आणि तुंबलेले पित्त दुर्बिणीने किंवा बरगडीखालून घातलेल्या नळीने बाहेर काढतात. हे काम तातडीचे असते. उशीर झाला तर जंतूंचे विष रक्तात भिनून जीव धोक्यात येतो.

आग विझली की सोनोग्राफी आणि एमआरआयने नळ्यांचा नकाशा काढतात. काविळीत रक्त लवकर गोठत नाही, म्हणून गरज पडल्यास के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. मग नळी उघडून दुर्बिणीने आतले खडे काढतात. यकृताचा एकच भाग खड्यांनी आणि व्रणांनी सुकून गेला असेल, तर तो भागच कापून काढतात. ऐकून धडकी भरते. पण उरलेले यकृत निरोगी असेल तर ते पुढच्या काही आठवड्यांत वाढून बरीच भर काढते. खडे आणि अरुंद नळ्या दोन्ही एकदमच निघून जातात, म्हणून योग्य रुग्णात हा उपाय अधिक टिकाऊ ठरतो. मोठी नळी खराब झाली असेल तर आतड्याचा तुकडा वर आणून पित्ताला नवी वाट करून देतात. दोन्ही बाजूंना खडे असले तर काम अवघड होते आणि काही रुग्णांत ते पुन्हा धरतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष केले, तर त्या जागी कर्करोग होण्याचाही धोका असतो.

घरच्यांनी काय करावे?

थंडीताप आणि पिवळे डोळे एकत्र दिसताच रुग्णाला मूर्तिजापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. यकृताच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ नागपूरसारख्या शहरात असतात. जाताना जुने सर्व कागद, सोनोग्राफीची चित्रे आणि आधीच्या शस्त्रक्रियेची नोंद बरोबर घ्यावी. डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : खडा पिशवीत आहे की यकृतात? नळी अरुंद आहे का? शस्त्रक्रियेनंतर खडे उरण्याचा संभव किती? खर्चासाठी शेत गहाण टाकण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजून घ्यावे.

लेकरांना शाळा-अंगणवाडीत मिळणारी जंतांची गोळी चुकवू नये. हात धुणे, स्वच्छ पाणी आणि शौचालय यांनी जंत दूर राहतात. ज्यांचे बालपण याच तालुक्यातील दापुऱ्यात गेले, त्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावोगाव स्वच्छताच शिकवली.

शस्त्रक्रिया झाल्यावरही डॉक्टर सांगतील त्या मुदतीला तपासणी करावी. ताप उतरला म्हणजे खडा गेला, असे समजून कोणी घरी बसू नये.