किल्ली कोणाच्या कमरेला?

आमच्या आजीच्या कमरेला किल्ल्यांची जुडी असे. चिखली तालुक्यातले आमचे खेड्यातले घर. त्यात माणसे चौदा आणि कुलपे मोजून चार. एक धान्याच्या कोठीचे, एक देवघरातल्या कपाटाचे, एक दागिन्यांच्या पेटीचे आणि एक आजोबांच्या दप्तराच्या संदुकीचे. कोणत्या माणसाचा हात कोणत्या कुलपापर्यंत पोचावा, याचे आजीचे शास्त्र पक्के ठरलेले होते. थोरल्या काकूने कोठीतून धान्य काढावे, पण पेटीला हात लावू नये. काकांनी हिशेबाची वही खुशाल वाचावी, पण तीत लिहिणे आजोबांचे. गड्याने पोती आत न्यावीत. बाहेर काढताना मात्र घरचे कोणी तरी जवळ उभे हवे. आणि आम्ही पोरे लाडूंच्या आशेने किल्ली मागायला गेलो, की ठरलेले उत्तर मिळे, “किल्ली मांगू नको. काय पाह्यजे ते सांग.”

आजीला अक्षरओळख नव्हती. पण तिच्या या एका वाक्यात जे आहे, तेच पुढे अमेरिकेतल्या मोठमोठ्या विद्वानांनी कॉम्प्युटरसाठी सिद्धान्त म्हणून मांडले, असे मी म्हटले तर वाचक हसतील. हसावे; पण पुढचे चार शब्द वाचून मग हसावे.

कॉम्प्युटर हे यंत्र आरंभी एका वेळी एकाचेच काम करी. तेव्हा कुलपाचा प्रश्नच नव्हता. खोलीचे दार लावले की झाले. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेत एकाच यंत्रावर एकाच वेळी पुष्कळ लोक काम करू लागले. एकत्र कुटुंबच म्हणा ना! मग प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. एके दिवशी दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळी कामे करीत होते. एक सर्वांसाठीची स्वागताची सूचना लिहीत होता, तर दुसरा परवलीच्या शब्दांची यादी दुरुस्त करीत होता. यंत्राने दोन्ही कागदांची अदलाबदल केली. झाले! जो कोणी यंत्रापुढे येऊन बसे, त्याला स्वागताच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द वाचायला मिळू लागले. आजीच्या जुडीतल्या सगळ्या किल्ल्या कोणी ओसरीवर ओतून ठेवाव्यात, तसा प्रकार!

अशा अनुभवांनंतर जाणत्यांना वाटू लागले, की नुसती कुलपे बसवून भागायचे नाही. कोणाला काय करता येईल याचा आधी कागदावर नीट आराखडा हवा. १९७१ साली बटलर लॅम्पसन या संशोधकाने तो मांडला. कल्पना इतकी सोपी, की शाळेतल्या मुलालाही काढता यावी. एक मोठा तक्ता आखा. डावीकडे एकाखाली एक माणसांची नावे लिहा, वर ओळीने वस्तूंची. जिथे माणूस आणि वस्तू यांची गाठ पडते, त्या चौकोनात परवानगी लिहा: वाचावे, लिहावे, पुसावे, की दुसऱ्याला परवानगी द्यावी. काकू आणि कोठी यांच्या चौकोनात “काढणे”. काका आणि वही यांच्या चौकोनात “वाचणे”. आमच्या आणि पेटीच्या चौकोनात शून्य.

हा तक्ता दोन रीतींनी वापरता येतो. उभा कापला, तर प्रत्येक वस्तूच्या दारावर एक यादी लागते: आत कोणी यावे, कोणी येऊ नये. आडवा कापला, तर प्रत्येक माणसाच्या कमरेला एक जुडी येते. दारावरची यादी बरी, कारण एखादे नाव खोडले की काम संपले. जुडीत सोय मोठी, पण दिलेली किल्ली परत मागणे किती कठीण, हे विभक्त झालेल्या कोणत्याही कुटुंबाला विचारावे!

पुढे मोठा मतभेद झाला तो कुलूप कशासाठी, यावरून. १९७३ साली बेल आणि लापाड्युला या दोघांनी अमेरिकन हवाई दलासाठी जो आराखडा केला, त्याला चिंता होती गुपिताची. खालच्या माणसाने वरच्याचे कागद वाचू नयेत, आणि वरच्याने आपले गुपित खालच्या कागदावर उतरवू नये. लष्कराला हे ठीक आहे. पण आपल्या संसारात गुपिते ती किती? आपल्याला भीती असते ती कोणी तरी खोटे लिहून ठेवील याची.

आपला सातबाराचा उतारा घ्या. तो गुपित नाही. महाभूलेखवर तो कोणालाही पाहता येतो. वाचायला सगळे जग मोकळे; पण त्यात एक नाव घालायचे किंवा काढायचे म्हटले, तर एखाद्या घराची पिढ्यान् पिढ्यांची भाकरी इकडची तिकडे होते. १९८७ साली क्लार्क आणि विल्सन यांनी नेमके हेच सांगितले. पेढ्या आणि कचेऱ्या यांना गुपितापेक्षा खरेपणाची गरज अधिक. आणि खरेपणा राखायचा, तर दोन नियम पाळावेत. पहिला असा, की कोणीही मूळ नोंदीला थेट हात लावू नये, ठरलेल्या रीतीनेच बदल करावा. किल्ली मागू नये, काय हवे ते सांगावे! दुसरा असा, की काम करणारा आणि ते तपासणारा कधीही एक असू नये.

हा दुसरा नियम आपल्याकडे काही नवा नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडची देशमुखी लखुजी जाधवरावांकडे होती, हे जिजाऊंच्या माहेरची कथा वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या व्यवस्थेत परगण्याचा अधिकार देशमुखाकडे, तर दप्तर देशपांड्याकडे असे. गावात पाटील वसूल करी आणि कुलकर्णी लिही. वऱ्हाडात त्याला पटवारी म्हणत. सरकारी कोषागाराच्या भक्कम खोलीला आजही दुहेरी कुलूप असते. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे एकत्र आल्याखेरीज दार हलत नाही.

तीच रीत ई-फेरफारच्या यंत्रात उतरली आहे. तलाठी (२०२४ पासून त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण जिभेला जुनीच सवय!) फेरफाराची नोंद धरतो; संबंधितांना नोटीस जाते; हरकतीला मुदत असते; आणि मगच मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. तलाठ्याला आपलीच नोंद आपणच प्रमाणित करता येत नाही. ही परवानगी माणसाला नसून खुर्चीला असते. माणूस बदलून गेला, की परवानगी खुर्चीतच राहते आणि नव्या माणसाला मिळते. ही ‘भूमिकेची’ कल्पना १९९२ साली फेरायलो आणि कून यांनी मांडली, आणि मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या रवी संधू यांनी सहकाऱ्यांसह १९९६ साली तिला रेखीव रूप दिले. आज जगभरच्या बँका आणि इस्पितळे तिच्यावर चालतात.

म्हणजे आराखडा केला की निश्चिंत झोपावे काय? नाही. १९७६ साली हॅरिसन, रुझ्झो आणि उलमन या तिघांनी गणिताने सिद्ध केले, की परवानग्या पुढे देण्याचे नियम वाटेल तसे ठेवले, तर नको त्या हाती किल्ली कधी तरी जाईल की नाही, हे प्रत्येक वेळी खात्रीने सांगणारी एकच एक रीत असूच शकत नाही. आणि गणिताच्या आधी माणूसच घात करतो. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या एका शाखेतला अकरा हजार कोटींहून मोठा घोटाळा बाहेर आला. परदेशी बँकांना हमीचे निरोप धाडणारी स्विफ्ट ही व्यवस्था बँकेच्या मुख्य हिशेबाला जोडलेलीच नव्हती. निरोप जात राहिले, वहीत मात्र काहीच उमटेना. पुढच्या दाराला दुहेरी कुलूप आणि परसदार सताड उघडे! त्यानंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही व्यवस्था जोडण्यास सर्व बँकांना मुदत घालून दिली.

आता घरची गोष्ट. सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

चार वर्षांपूर्वी वडील गेले. गावाकडे थोडी कोरडवाहू जमीन आहे. वारसाची नोंद करण्यासाठी अर्ज मीच लिहिला. त्यात आईचे नाव, धाकट्याचे आणि माझे. ताईचे नाव मी घातले नाही. मनात कपट होते, असे मला वाटत नाही. पण विचारले नाही, हे खरे. ती जालन्याला सुखात आहे, ती कुठे हिस्सा मागणार, असे मी आपले ठरवून टाकले. मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा आहे, हे कायद्याचे कलम मला तोंडपाठ होते, तरीही!

तलाठ्याकडे कागद दिले, आणि मग मंडळ अधिकाऱ्याची वाट पाहणे आले. मी चिडलो. सुट्टी संपत आलेली. “सगळे कॉम्प्युटरवर आले ना? मग एकाच्या बोटाने काम का होऊ नये?” असे मी चारचौघांत बोलूनही दाखवले. शेवटी साहेब आले, चावडीवर बसले. अर्ज बाजूला ठेवून त्यांनी समोरच्या म्हाताऱ्यांना विचारले, “मयताला लेकरं किती?”

“दोन पोरं अन् एक पोरगी,” पारावरचे एक आजोबा सहज म्हणाले.

साहेबांनी अर्ज उचलला, वाचला आणि माझ्याकडे पाहिले. बोलले काहीच नाहीत. त्या दुसऱ्या किल्लीचा अर्थ मला तेव्हा कळला. पहिला हात चोराचाच असतो असे नाही. कित्येकदा तो माझ्यासारख्या भल्या म्हणवणाऱ्याचा असतो.

ताईचे नाव लागले. त्या वर्षी भाऊबीजेला ती आली, तेव्हा मी उतारा तिच्या हाती दिला आणि घडले ते सांगितले. तिने आपल्या नावावरून एकदा बोट फिरवले.

“मी काही मागणार नव्हते रे,” ती म्हणाली. “पण मला विचारायला हवं होतंस.”

वाचकहो, दिवाळीला घर झाडताना आपण अडगळ काढतो. यंदा एक कागद घ्या आणि आजीचा तक्ता आखा. बँकेचा परवलीचा शब्द कोणाकोणाला ठाऊक आहे? कॅलेंडरच्या मागे तो लिहिलेला तर नाही? घरातल्या कर्त्याला उद्या काही झाले, तर पत्नीला कोणते कुलूप उघडता येईल? मुलाच्या नावाशेजारी मुलीचे नाव आहे ना? एखादा चौकोन रिकामा दिसला, तर तो मनाने भरू नका. ज्याचा तो आहे, त्याला विचारा.