चमकली म्हणजे नकली?

नेताजींच्या प्रेरणेने दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत ९५० वी हिंदी रेजिमेंट उभी राहिली. जवानांना जर्मन गणवेश मिळाला; शीख फेटा बांधत, इतर जर्मन टोपी घालत. अशा टोप्या आज दुर्मीळ आहेत, म्हणूनच नकलाही फार.

संग्राहक टोपी अतिनील दिव्याखाली धरतात. लग्नातल्या डीजेच्या निळ्या प्रकाशात पांढरा सदरा झळाळतो, तसा कापडातला ऑप्टिकल ब्राइटनर (शुभ्रता वाढवणारे रसायन) चमकतो. तो सर्रास वापरात आला महायुद्धानंतर.

पण चमकली की नकली, असा सरसकट निकाल देणे चूक. आधुनिक डिटर्जंटने धुतलेली अस्सल टोपीही चमकू शकते आणि जुन्या कापडाची नवी टोपी काळोखीच राहते. शिलाई, अस्तर, घामपट्टी, निर्मात्याचा शिक्का हे सारे जुळल्याशिवाय पैसे मोजू नयेत.